भरल्या बॅटरीचा अंधार

भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, सोलरवर चालणारं घर अंधारात जाऊ शकतं असं मी सांगितलं की लोक माझ्याकडे दयेनं बघतात. बाईचं वय झालं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. वय झालंच आहे. पण हा अंधार मी नागपूरच्या कडेला, बेसातल्या एका घरात स्वतः उभी राहून पाहिला आहे. तिथली बॅटरी रिकामी झाली नव्हती. ती भरली होती, म्हणून घर बंद पडलं होतं.

ते घर ढोमणेभाऊंचं. त्यांच्याकडे येतेच, पण आधी माझा धंदा थोडा सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला होणार नाही.

नागपुरात नंदनवनला माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे. त्याआधी सदरला एका यूपीएस दुरुस्तीच्या सेंटरमध्ये नोकरी केली. तिथे काउंटरला मी एकटी बाई. गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारायचं, "मिस्त्री कुठी हाये?" मग मीही मागे वळून बघायची. मागे भिंत होती. आम्ही दोघं काही वेळ भिंतीकडे बघायचो आणि मग मी विचारायची, "आता काय बिघडलंय ते सांगता का?"

तेव्हा बॅटरी म्हणजे शिसं आणि ॲसिड. ॲसिडचा थेंब उडाला की कपड्याला भोक पडतंच, त्यामुळे लग्नाचा शालू सोडला तर माझ्याकडे बिनभोकाचं कापड नव्हतं. शालू वाचला, कारण तो कपाटातून कधी बाहेरच आला नाही. या बॅटरीला दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर पाजायचं आणि तिला तुडुंब चार्ज ठेवायचं. अर्धवट भरलेली राहिली की ती खंगते. नागपूरच्या दोन पिढ्या हे एवढं शिकल्या आणि त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं.

मग लिथियम आली आणि माझी करमणूक सुरू झाली. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी ती घेतली आणि पहिल्याच रविवारी पाण्याचं झाकण शोधायला बसले. सापडेना, म्हणून मला फोन. "ताई, हिले पाणी कुठून पाजाचं?" म्हटलं, हिला तहान लागत नाही. ते फार हिरमुसले. बॅटरीत पाणी घालणं हे त्यांच्या वाट्याचं एकमेव घरकाम होतं. ते गेल्यावर बायकोनं त्यांना भाजी निवडायला बसवलं, आणि त्याचा राग ते अजून माझ्यावर काढतात. दसऱ्याला मी दीक्षाभूमीवर असते आणि नेमका तेव्हाच कोणाचा तरी फोन येतो, की पूजेत टर्मिनलवर ओलं कुंकू आणि नारळाचं पाणी सांडलं, आता ठिणग्या उडून राहिल्या. आमच्या घरात छप्पन सालापासून नारळ फक्त चटणीसाठी येतो, त्यामुळे यावर मी सल्ला कमी देते आणि टर्मिनल पुसून देते.

ढोमणेभाऊ बसडेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर बेसाला घर बांधलं आणि मीटरवरून वीजवाल्यांशी असे भांडले, की स्वतःच अर्ज देऊन जोडणी तोडून घेतली. रागाच्या भरात माणसं जेवण सोडतात, यांनी वीज सोडली. छतावर पॅनल लावले, इन्व्हर्टर आणला आणि लिथियमचे सोळा सेल मागवून बॅटरी स्वतःच्या हातानं बांधली. एकेक सेल जाड शब्दकोशाएवढा, निळा. ते सोळाही एका लोखंडी पेटीत, आतून प्लायवूड ठोकून, ओळीनं बसवले होते. काम सुबक होतं. पेटी त्यांच्या बायकोला, विमलवहिनींना, माहेराहून आलेली होती.

"माह्या बापानं साड्या ठेवाले देल्ली होती," वहिनी मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "साड्या आता पलंगाखाली हायेत अन् हे सोळा निळे जावई पेटीत."

वहिनींना आदल्या उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू. पाय बराचसा परत आला, काठी घेऊन खोलीतल्या खोलीत फिरायच्या. उजवा हात मात्र मांडीवर पडलेला असायचा. मुठीत फिजिओथेरपीवाल्यानं दिलेला रबरी चेंडू. "दाबता का रोज?" मी विचारलं तर भाऊंकडे बघत म्हणाल्या, "दाबून का होते? एक दिवस यायले फेकून मारायच्या कामी येईन." जीभ अजिबात गेली नव्हती.

बेसाच्या उघड्या माळावर बांधलेलं ते घर मे महिन्यात भट्टी होतं. वहिनींना कुलरशिवाय तिथे राहणं शक्य नव्हतं, आणि कुलर ऐन दुपारी बंद पडायचा. रोज नाही, पण आठवड्यातून अनेकदा. त्यांची मुलगी रश्मी पुण्याला असते. तिनं बापाला फोनवर बजावलं होतं, की दुपारी कुलर बंद पडला असं आणखी एकदा कळलं तर ती येऊन आईला घेऊन जाईल, आणि बाबांना इथे पेटीसोबत राहायचं असेल तर खुशाल राहावं. भाऊंनी हे मला सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. मल्टिमीटरच्या वायरीचा गुंता सोडवत होते, आणि वायरीला गुंता नव्हता.

सुरुवातीला माझी चांगलीच फजिती झाली. भाऊंचा दुपारी फोन यायचा, "ताई, गेली वं!" मी स्कूटी काढून उन्हात बेसा गाठायची, तर कुलर मजेत चालू.

"आत्ता बंद होता वं! विमलले विचारा!"

"बंद होता," वहिनी पलंगावरून साक्ष द्यायच्या. "तुले पाहून सुरू झाला. तुह्या चेहऱ्यातच काहीतरी हाये."

मी पॅनल पाहिले, वायरी पाहिल्या, इन्व्हर्टरचा पंखा साफ केला, त्यातून मेलेली पाल काढली. भाऊंना वाटलं दोष पालीचा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. शेवटी मी वैतागून एक दिवस सकाळीच डबा घेऊन गेले आणि पेटीसमोर मुक्काम ठोकला.

"काहून बसून राहिली वं मंदा तिथं?" वहिनींनी विचारलं. "अंडे उबवून राहिली का?"

पेटीवर भाऊंनी एक छोटा पडदा लावला होता. त्यावर प्रत्येक सेलचा आकडा दिसायचा. ऊन चढलं तसे आकडे चढू लागले. पंधरा सेल रमतगमत चालले होते आणि अकरा नंबरचा एकटाच पुढे पळत होता. टक्केवारी शंभराच्या जवळ आली, अकरा नंबरनं शेवटची उडी मारली, पेटीत टक् असा आवाज झाला आणि घर बंद.

कुलर थांबल्यावर नागपूरच्या घरात जी शांतता पसरते तिला लोक फार घाबरतात, आणि ते बरोबर आहे. थोड्याच वेळात भिंती अंगावर यायला लागतात. वहिनींनी डाव्या हातात हातपंखा घेतला. कपाळावरून घाम डोळ्यात उतरला, पण पुसायला हात उरला नव्हता. पंखा ठेवावा तर उकाडा, न ठेवावा तर डोळा चुरचुरतो. मी उठून पदरानं त्यांचं कपाळ पुसलं. त्या नेहमीसारखं काही बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला धसका बसला.

झालं काय होतं ते आता सांगते. आपल्याकडच्या पंगतीत वाढणाऱ्याला 'पुरे' हा शब्द ऐकू येत नाही. नको म्हणावं तर तो जास्त वाढतो. जेवणाऱ्याकडे एकच उपाय असतो, पानावर आडवा हात धरायचा. मग मात्र वाढणारा थांबतो. लिथियमच्या पेटीत बीएमएस नावाची एक पट्टी असते, तिचं काम हा आडवा हात धरायचं. एका सेलला तीन पॉइंट पासष्ट व्होल्टच्या वर सोसत नाही. सोळातला कोणताही एक तिथे पोचला की पट्टी हात आडवा करते. पण हे सोळा जण एकाच साखळीत जोडलेले, म्हणून एकाचं पोट भरलं की सगळी पंगत उठते आणि बॅटरी घरापासूनच तुटते. वीजवाल्यांची जोडणी तर भाऊंनी आधीच रागात तोडलेली. मग वर पॅनल कितीही तापलेले असोत, इन्व्हर्टरला टेकायला खाली काही उरत नाही आणि तोही झोपतो. काही वेळानं सेल निवतो, पट्टी हात काढते आणि घर पुन्हा सुरू होतं. तोवर मी स्कूटीवर घाम गाळत पोचलेली असते.

आणि वाढणारे होते ढोमणेभाऊ. त्यांनी इन्व्हर्टरला हुकूम दिला होता, अठ्ठावन्न पॉइंट चारपर्यंत भरत राहा. हिशेब चोख होता, तीन पॉइंट पासष्ट गुणिले सोळा. पण तो आकडा सोसण्याची हद्द असते, रोजच्या जेवणाचा नसतो. शिवाय जुन्या ॲसिड बॅटरीला अधूनमधून जास्तीचा रेटा द्यायची जी सोय इन्व्हर्टरमध्ये असते, तीही त्यांनी मायेनं चालू ठेवली होती.

मी शेजारच्या घरातून तात्पुरती वायर ओढून कुलर चालू करवला, पेटी उघडली, सोळाही सेल शेजारीशेजारी जोडून एका पातळीवर आणले आणि पुन्हा साखळीत बांधले. अकरा नंबर मुळातच भरलेला आला होता, बाकीचे कमी. मग सेटिंग बसवलं. वरची मर्यादा पंचावन्न पॉइंट दोन, म्हणजे प्रत्येकाला तीन पॉइंट पंचेचाळीस. भरून झाल्यावर आराम करायचा तो त्रेपन्न पॉइंट सहावर. खाली अठ्ठेचाळीसला बंद. आणि ॲसिडवाला रेटा कायमचा बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारभर कुलर चालला. पडद्यावरचा आकडा पंच्याण्णवला येऊन थांबला. भाऊ त्या आकड्याकडे बघत उभे.

"पाच टक्के कुठी गेले?"

"कुठेही गेले नाहीत. ते घ्यायचेच नाहीत."

"असं कसं? मी डेपोतून एक गाडी कमी डिझेलनं सोडली नाई कधी."

मी त्यांना समजावलं, की वरचे तीन व्होल्ट म्हणजे दुधावरचा फेस. भांडं भरल्यासारखं दिसतं, पण फेस पिऊन कोणाचं पोट भरत नाही. लिथियममधली जवळजवळ सगळी वीज मधल्या सपाट रस्त्यावर असते. सदरच्या एका कापडवाल्याचं उदाहरणही दिलं. तो दिवसभर व्होल्टमीटर बघायचा, काटा हलत नाही म्हणून खूश व्हायचा, आणि संध्याकाळी नवरीच्या मावशीला साडी उलगडून दाखवताना दुकान एकदम काळं झालं. या बॅटरीचा व्होल्टचा आकडा सकाळपासून रात्रीपर्यंत जवळजवळ हलत नाही आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखा पडतो. म्हणून तिच्या दोन्ही टोकांपासून लांब राहायचं. भाऊंनी मान डोलावली. निवृत्त मेकॅनिकनं मान डोलावली की समजावं, आपण गेल्यावर तो पाना घेणार आहे.

तसंच झालं. चार दिवस गेले नसतील, फोन आला. या वेळी भाऊंचा नव्हता, वहिनींचा. "मंदा, ये वं. यायनं पुन्हा उद्योग केला."

अठ्ठावन्न पॉइंट चार. रेटा पण चालू. त्यात अकरा नंबरला रोज वरच्या टोकाला नेऊन सगळी शिस्त पुन्हा बिघडवलेली. दुपारी घर बंद पडलं, नेमका त्याच वेळी रश्मीचा फोन आला, आणि तिनं रविवारची दोन तिकिटं काढली. एक तिचं परतीचं, एक आईचं.

मी भाऊंना जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. आमच्या धंद्यात रागानं बोलायची वेळ रोज येते, पण तेव्हा मी मनापासून चिडले होते. बायकोचा जीव धोक्यात घालून पाच टक्क्यांचा कसला हट्ट करता, असं शेवटी म्हणाले. बाकीचं त्याहून वाईट होतं.

भाऊ स्टुलावर बसले.

"तिले झटका आला ना ताई," मग म्हणाले, "त्या दिवशी लाईन गेली होती. तवा जुनी बॅटरी होती घरी. मी सकाळी पायलं, अर्धीच भरून होती. म्हटलं, चालते. अन् मी कामठीले लग्नाले गेलो. वापस आलो तं कुलर बंद अन् विमल सैपाकघरात खाली पडून. पुरी भरून असती तं कुलर चालला असता. तवापासून मले शंभर दिसल्याबिगर घास उतरत नाई."

मला रडू आलं. हातात स्क्रूड्रायव्हर असताना रडणं फार गैरसोयीचं असतं, डोळे पुसायची धास्ती वाटते. इतकी वर्षं मी लोकांना आकडे सांगत आले, आणि माणूस आकड्याला काय म्हणून चिकटला आहे हे विचारायचं मला क्वचितच सुचलं.

पलंगावरून आवाज आला. "अवो, मले बीपी होतं. गोळ्या मीच सोडल्या होत्या. तोंड कडू होत होतं म्हणून. बॅटरीले काहून दोष देऊन राहिले?"

भाऊ वळले. "तू सांगितलं नाई कधी."

"तुमी विचारलं कधी? तुमी बॅटरीत पाणी टाकून राहिले होते."

त्या दिवशी मी सेल पुन्हा सारखे केले, पण सेटिंगला हात लावला नाही. इन्व्हर्टरला पासवर्ड टाकून कुलूप लावता येतं. मी तेही केलं नाही. भाऊंना म्हटलं, बटणं तुम्हीच दाबा. ज्या बोटानं चढवलं त्याच बोटानं उतरवा. त्यांनी चष्मा लावला आणि अठ्ठावन्नावरून एकेक दशांश खाली आणत गेले. पंचावन्न पॉइंट दोनला थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "फेस."

रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. खरं म्हणजे साक्षीदार म्हणून बोलावलं. रश्मी आली होती. मुलगी चांगली आहे, फक्त पुण्याला राहून वाक्यं पूर्ण करायला शिकली आहे. "मंदामावशी, तुमच्यावर माझा विश्वास आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही इथे राहत नाही. बाबा राहतात." तिची बॅग दाराशी होती आणि तिच्या शेजारी वहिनींचीही. साड्या पलंगाखालून निघून बॅगेत गेल्या होत्या.

आंब्याचा रस, पोळ्या, कुरडया आणि वांग्याची भाजी. स्वयंपाक भाऊंनी केला होता आणि वाढतही तेच होते. ऊन चढत गेलं. आम्ही चौघंही कुलरचा आवाज ऐकत होतो, आणि ऐकत नसल्याचं दाखवत होतो. पडद्यावर त्र्याण्णव, मग चौऱ्याण्णव, मग पंच्याण्णव. मी घास हातात धरून बसले. आकडा तिथेच थांबला. टक् झालं नाही. कुलर चालत राहिला.

"आज चालला," रश्मी म्हणाली. "उद्याचं काय, बाबा?"

भाऊ वहिनींच्या वाटीत रस वाढत होते. वाटी भरली. वहिनी डाव्या हातानं जेवतात, त्यांनी पोळी चावत "पुरे" म्हटलं. भाऊंनी आणखी एक पळी घातली. बायको संध्याकाळी जाणार होती आणि त्यांच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. "पुरे म्हटलं ना," वहिनी म्हणाल्या. रस वाटीच्या काठावर आला. तिसरी पळी पातेल्यातून निघाली.

तेव्हा वहिनींच्या मांडीवरून चेंडू घरंगळला आणि खाली पडला. उजवा हात उठला. थरथरत, कोपर आधी आणि बोटं मागून. ताटाच्या काठाला अडखळला, तिथून पुढे सरकला आणि वाटीवर आडवा झाला.

पळी हवेतच राहिली. रसाचे थेंब वहिनींच्या मनगटावर पडत होते. रश्मीनं तोंडावर हात धरला होता. भाऊ दगडासारखे उभे.

"आता तरी आलं का ऐकू?" वहिनी म्हणाल्या. आवाज थोडा फाटला होता. "रश्मी, माह्यं तिकीट वापस कर. यायले 'थांबा' म्हणायसाठी इथं कोणीतरी पाहिजे."

हात वाटीवर तसाच. वहिनींनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"अवो, पाहून का राहिले? हात वर कसा न्याचा तेवढंच शिकली मी. खाली कसा आणाचा ते अजून जमत नाई. धरा ना."

भाऊंनी पळी खाली ठेवली आणि रसानं माखलेला तो हात दोन्ही हातांनी धरला.